जाडी, सेंटिमीटरमध्ये

औलूच्या त्या हॉटेलात तेव्हा
तिघांनीही आमच्यासाठी पायघड्या घातल्या होत्या.
फळवाल्यांच्या टेबलावर माणूसच नव्हता,
नुसती नियमांची जाडजूड वही,
आणि तरीही रांग.
हिरव्या बाहुलीवाले म्हणत होते, या,
आमच्या घराला दारच नाही.
तिसरे सगळ्यात उशिरा आलेले,
हाताला धरून बसवत होते:
एक ॲप द्या, एक फोन न्या.
दोन द्या, वर जाकीट.
समोरच्याला एवढी घाई असली
की स्थळाची नीट चौकशी करावी,
इतकं मला कळायला हवं होतं.

मी त्यांना बर्फाचं ॲप दिलं.
आमच्याकडे समुद्र गोठतो,
त्याला भोक पाडून लोक मासे धरतात.
पहाटे पहिला जो जाईल त्याने जाडी मोजायची, आकडा टाकायचा,
बाकीच्यांनी पाय टाकायचा की नाही ते ठरवायचं.
रकाना एकच. आकडेच घेणारा.
मासेमारांना बोलायचा कंटाळा. मलाही.

त्या वर्षी जो तो दुकानातला माल मोजत होता.
त्यांचे इतके लाख, यांचे तितके.
आमच्या ओस्मोने एकट्याने बावीस विजेऱ्या करून दिल्या,
प्रत्येकीचा रंग निराळा,
आणि जाकिटं भावकीत वाटली.
माल वाढला, गिऱ्हाईक फिरकेना.
गिऱ्हाईक नाही म्हणून बँक आली नाही,
बँक नाही म्हणून गिऱ्हाईक,
मग बसचं वेळापत्रक गेलं,
मग माझी आई.
ज्याच्यावर नातवाचे फोटो येतात तो फोन चांगला, म्हणाली,
आणि विषय संपवला.

मीही गेले. दोन्हीकडे.
तीच भिंत दोनदा बांधली, वेगवेगळ्या विटांनी.
एकांनी चिन्हाचा कोपरा टोचतो म्हणून तीनदा परत पाठवलं.
दुसऱ्यांनी न बघताच घेतलं,
आणि आठवड्यात त्याच्या सहा नकला निघाल्या;
एकीत पातळ बर्फाच्या इशाऱ्यावर
कर्जाची जाहिरात.

जुना सर्व्हर बंद करायचा राहून गेला होता.
पाहिलं तर त्यावर अजून कुणीतरी.
एकच फोन, फुकट वाटलेल्यांपैकीच असणार.
पहाटे पाच चाळीस, नदीच्या मुखापाशी,
जिथे खालून प्रवाह बर्फ कुरतडत असतो
आणि दुसरं कुणी इतक्या लवकर जात नाही.
चव्वेचाळीस. त्रेचाळीस. त्रेचाळीस.
कुणाला दिसत होते ते आकडे?
त्याच्या बाजूचे सगळे कधीच उठून गेले होते.

मी निरोप लावला:
एकतीस मार्चनंतर ही सेवा बंद.
कृपया नवा फोन घ्यावा.
दुसऱ्या दिवशी, पाच चाळीस: एक्केचाळीस.
यावर माणूस काय म्हणणार,
त्या रकान्यात शब्द बसत नाहीत,
मीच तो तसा बांधलाय.

तेव्हापासून पहाटे उठते,
कॉफी ठेवते,
त्याचा आकडा हाताने इकडे टाकते, हाताने तिकडे टाकते.
फळवाले त्यावरून चालतात,
बाहुलीवाले त्यावरून चालतात,
भोकापाशी शेजारी बसून
कुणाचा फोन थंडीत आधी मरतो यावर भांडतात.

परवा त्याने नऊ टाकला.
मी दोन्हीकडे लाल केलं.
हाउकिपुदासच्या किनाऱ्यावर त्या सकाळी
बारा गाड्या आल्या, उभ्या राहिल्या, आणि वळल्या.

सर्व्हरचं पुढच्या वर्षाचं भाडं भरलं.
फॉर्मवर वापरकर्त्यांची संख्या विचारली होती.
एक, लिहिलं.
तिथल्या मुलीचा फोन आला,
एखादं शून्य राहिलंय का, म्हणून.