सावध

अठ्ठावीस वर्षं मी साहेबलोकांचे लिफाफे चिकटवले.
लिफाफ्यात लिफाफा, लाखेचा शिक्का, वर 'गोपनीय',
आणि पाठवणीच्या रजिस्टरात माझी सही:
इस्तारी लांजेवार, क्लार्क.

वर्षातून एकदा अख्खा माणूस आकड्यांत बसवायचा.
धैर्य नऊ. निष्ठा नऊ. निर्णयशक्ती, बघू.
आठ म्हणजे उत्तमच, असं फॉर्मवर छापलेलं असायचं.
आठ म्हणजे काय, ते आम्हा कारकुनांना ठाऊक.
दिल्लीत बोर्डापुढे पंचवीस फायली, जागा सहा,
जिकडेतिकडे नऊच नऊ.
मग आठ शोधतात, सुपातला खडा शोधावा तसा,
आणि खडा सापडला की
तांदूळ कोणता होता ते कोणी विचारत नाही.

मेजर बरुआ आसामचे. नदीच्या गावचे.
त्या रात्री पुलावरून पाणी चाललेलं, किती ते दिसेना.
पलीकडून वायरलेसवर आरडाओरडा: या, लवकर या.
त्यांनी नऊ गाड्या अलीकडेच थांबवल्या,
टॉर्च घेऊन उतरले, बांबू बुडवून पाहिला,
परत आले, म्हणाले, चहा करा.
पहाटे पूल गेला.
आम्ही पोचलो सहा तास उशिरा, एकेचाळीस माणसं,
एकेचाळीसच्या एकेचाळीस.
मी तिसऱ्या गाडीत होतो, मांडीवर टाइपरायटर.

मग अहवालाचे दिवस आले.
कर्नलसाहेब साताऱ्याकडचे, माझ्याशी मराठीत बोलायचे.
माणूस वाईट नव्हता, हेही नोंदवून ठेवतो.
पेन दातात धरून म्हणाले,
"लांजेवार, बरुआला एक शब्द सांग."
मी म्हटलं, "सावध, साहेब."

माझ्या भाषेत तो चांगला शब्द आहे.
सावध म्हणजे जागा. शुद्धीवर असलेला.
रोज सकाळी परेडवर तोच तर ओरडून मागायचे आमच्याकडून.
साहेबांनी तो इंग्रजीत उतरवला
आणि उतरता उतरता तो जरासा भित्रा झाला.
एका गुणापुरता.

बोर्डाला पूल दिसला नाही.
पूल होताच कुठे दाखवायला?
दिसला तो शब्द, आणि त्याच्यासमोर आठ.
दोन वर्षांनी यादी लागली. मी वरून खाली वाचली,
मग खालून वर.
बदलीवर जाताना बरुआसाहेबांनी माझा हात हातात घेतला,
म्हणाले, लांजेवार, तुझं अक्षर सुंदर आहे.

आता मी साकोलीच्या पुढं, आमच्या चिचटोल्यात.
सांदवाडीत खाट टाकतो. लोक अर्ज लिहून घ्यायला येतात.
आज धिवरांचा रूपचंद वलथरे आलाय,
भरतीला निघालाय, चारित्र्याचा दाखला पाहिजे.
सही सरपंचाची, शब्द माझे.
'वर्तणूक', आणि पुढं टिंबांची ओळ, बोटभर.

गेल्या साली मामा तलावाची पाळ झिरपली,
तेव्हा यानंच रात्री थाळी बडवून टोला उठवला होता.
तणस, माती, पोती, कमरेभर चिखलात पहाटेपर्यंत.
दुसऱ्या दिवशी लोक त्यालाच हसले:
"उगाच झोपमोड केलास बे, पाळ त फुटलीच नाही!"

शब्द पेनच्या टोकावर आला. तोच.
मी टोपण लावून टाकलं.
मग कागद उलटला, मागच्या कोऱ्या बाजूला
तारीख घातली, वेळ घातली,
पाळीची लांबी अंदाजे.
मागची बाजू कोणी वाचत नाही. मला नाही तर कोणाला माहीत?

रूपचंद चुळबुळतो. त्याची एसटी अकराची.
"आजा, येवढं कायले लिवता? 'चांगला' लिवून द्या ना जी."

थांब, म्हटलं.
पाणी किती होतं ते सांग आधी.
गुडघ्याइतकं, का वर?