छत्तीस गुण

आमच्याकडे लग्नाला गुण बघतात, छत्तीसपैकी किती जुळतात ते,
आणि छत्तीसचा आकडा म्हणजे भांडण.
इथे, मुहर्रकच्या या हॉलमध्ये,
पाच मैदानात, सात बाकावर,
बाराही जणांचे गुण मिळून छत्तीसच्या वर जाता कामा नयेत
असा लीगचा नियम.
बेरीज मी करते.
धंतोलीच्या शाळेत पॉइंट गार्ड होते,
आता नोंदवहीची गार्ड.

ऑगस्टची शेवटची रात्र.
एसीखालच्या बादलीत थेंब पडतो, टप्.
एकोणचाळीस.
पुन्हा करते.
एकोणचाळीस.

तीन गुण जास्त झालेत आमचे.
गुण जास्त होणं हा दोष कसा,
हे आईला फोनवर समजावताना अर्धा तास गेला.
ती म्हणाली, मग थोडे अवगुण घ्या की विकत.
आणि तेच चाललंय:
शर्बेलचा गुडघा गेला, तो सातावरून तिनावर आला,
आता चार क्लब त्याच्या मागे आहेत.

इदरीस गेल्या वर्षी चारचा होता.
उन्हाळाभर, भर दुपारी,
चौकीदाराला चहा पाजून हॉल उघडून घ्यायचा
आणि डाव्या हाताने टाकत राहायचा.
आता त्याचा डावा हात उजव्याला विचारत नाही.
समितीने लिहिलं : सात.
बढती म्हणावी तर पगार तोच.
जागा मात्र गेली.

"मॅडम, ते शॉट चुकवले असते तर राहिलो असतो?"
मी हो म्हटलं.
जरा थांबून म्हणायला हवं होतं,
पण यादी बाराच्या आत पाठवायची होती.

नियम वाईट नाही, हेही लिहून ठेवते.
नियम नव्हता तेव्हा मनामातला तो श्रीमंत क्लब
उंच माणसं डझनावर घ्यायचा,
अर्धी खेळवायचा,
उरलेली बाकावर वाळत घालायचा.
नियम आला, आणि हिद्दच्या पोरांनी त्यांना
एकदा, एकदाच, हरवलं.
त्यांच्यातल्या एकाचा काका, मासेमारीच्या लाँचवरचा नोखदा
(कोकणात नाखवा म्हणतात तोच, शब्द एकाच पाण्यातला)
हॉलच्या दारात चपला हातात घेऊन रडत उभा होता.
तो दिवस मी खोडू शकत नाही.

अबू राशिदच्या कपाटात आजोबांच्या पितळी चाळण्या आहेत,
मोत्यांच्या, एकीत एक बसणाऱ्या.
"मोती चाळणीशी भांडत नाही," तो म्हणतो.
मोती उन्हाळाभर डावा हात घोटवत नाही,
हे मी म्हणत नाही.

माझ्या पगारपत्रकातही एक रकाना आहे, पासपोर्टचा.
एकाच कामाचे मला, जोसलिनला
आणि बेरूतहून आलेल्या रीमाला
तीन वेगळे आकडे.
त्यांना कोणी गुण म्हणत नाही,
म्हणून समिती नाही, अपील नाही,
आणि कमाल मर्यादा आमच्याच बाजूला.
असो. विषय बास्केटबॉलचा होता.

इदरीसच्या नावावर रेघ मारली.
छत्तीसला चार कमी. बत्तीस.
उरलेल्या चारात शर्बेल घेतला, त्याच्या गुडघ्यासकट.
पत्रिका जमली.

डिसेंबरात हिद्दला सामना.
स्कोअरच्या टेबलावर मी,
आणि त्यांच्या तेरा नंबरच्या जर्सीत इदरीस.
डाव्या हाताने दोन. परत दोन.
त्याच्या नावापुढे मी लिहीत गेले,
अक्षर जरा बारीक काढत,
जसं काही बारीक लिहिल्याने कमी भरतील.
आमचाच संघ हरत होता
आणि माझा पाय टेबलाखाली ठेका धरत होता.

शेजारून अबू राशिद कागदात डोकावला.
"पुढच्या वर्षी आठचा होणार हा.
मग हिद्दलाही परवडणार नाही."

टाइम-आउटला इदरीसने लांबूनच
बोटं नाचवून विचारलं : किती?

मी कागदावर हात ठेवला.