किती दिसायला हवं

ओउलू शहरात डिसेंबरचा सूर्य
दुपारी दोनलाच दुकान बंद करतो.
माझं सातपर्यंत उघडं असतं:
जुन्या डिस्क, नव्या डिस्क,
आणि थर्मासमधली कॉफी, जिचे पैसे मी घेत नाही.

येणारा प्रत्येक जण तेच विचारतो,
ही फोर-के घ्यावी का? पैसे वसूल होतात का?
मी उलट विचारतो,
टीव्ही केवढा? सोफा किती लांब?
चार मीटरवर बसत असाल
तर पैसे वाचवा, सोफा पुढे ओढा.
आणि जो चित्रपट मुळातच स्वस्तात, घाईत उतरवलाय
त्याला चौपट ठिपके दिले तरी
शिळ्या कढीला ऊत, दुसरं काय.

पण काळोख पाहायचा असेल तर घ्या.
जुन्या डिस्कवर रात्र म्हणजे नुसता करडा चिखल.
नवीवर कोळशाचा काळा वेगळा,
नदीचा वेगळा,
कोटाच्या बाहीत दडलेला आणखी वेगळा.
इथल्या माणसांना हे समजवावं लागत नाही.
अर्धं वर्ष आम्ही अंधाराचीच प्रतवारी करत असतो.

ताइस्तो हुह्ताला, वय अठ्ठ्याहत्तर,
कागद गिरणीतून निवृत्त.
बोलताना माझ्याकडे नाही, स्वतःच्या बोटांकडे बघायचा.
त्याला एकच चित्रपट हवा होता,
नदीतून ओंडके वाहून नेणाऱ्या माणसांचा,
अडुसष्ट साली इथल्याच बाजारचौकात काढलेला.
जुनी डिस्क घरी आहे, म्हणाला,
चरा नाही तिच्यावर. पण.

मी विचारलं, डोळे तपासलेत?
आधी मोतीबिंदू काढा, मग डिस्क घ्या,
तो खर्च जास्त कामाचा.
त्यानं खरंच तसं केलं.
फेब्रुवारीत आला, उजवा डोळा अजून टोचतोय म्हणाला,
आणि बत्तीस युरो मोजून ठेवले,
सुट्ट्या नाण्यांसकट.

नवव्या दिवशी पुन्हा दारात.
मला वाटलं, परत करायला आलाय.
बसला. कॉफी संपवली. मग सांगू लागला:
चौकातल्या गर्दीत, पाववालीच्या मागे
लाल रुमालाची एक मुलगी उभी आहे,
साडेतीन सेकंद.
ती राकेल, माझी मोठी बहीण.
त्याच वर्षी बोटीनं स्वीडनला गेली,
दोन पत्रं आली, मग तीही थांबली.
आधी टीव्हीवर लागायचा तेव्हा, मग कॅसेटवर, मग डिस्कवर,
मी तिला तिथेच भेटत आलो.

आणि आता?

आता रुमाल नारिंगी आहे.
हनुवटीवर खळी आहे.
राकेलला खळी नव्हती.

मी काही न बोलता गल्ला उघडला,
त्याची बत्तीस युरो मोजू लागलो.
त्यानं हातानंच नको म्हटलं.
पूर्वी त्या गर्दीत ती एकटीच होती, म्हणाला,
बाकी सगळा धुरळा.
आता एक्केचाळीस बायका आहेत,
आणि प्रत्येकीला चेहरा आहे.
एकोणीस बघून झाल्या.

मग खिशातून चिठ्ठी काढली,
घरच्या भिंतीचं माप, सेंटिमीटरमध्ये.
एवढ्यात केवढा टीव्ही बसेल?

बारा वर्षं मी हेच विकतोय.
घ्या किंवा घेऊ नका, एवढंच तर सांगायचं असतं.
बाहेर बर्फ काढणारी गाडी दोनदा येऊन गेली.
पासष्ट इंच, म्हणालो शेवटी,
आणि खुर्ची दोन मीटरवर.

निघताना त्यानं दुसऱ्या खिशातून
जुनी डिस्क काढली.
बदल्यात घेता का? किती द्याल?
चार युरो, मी म्हटलं.
त्यानं ती उलटसुलट करून पाहिली,
बाहीनं पुसली,
पुन्हा खिशात ठेवली,
आणि खिशाचं बटण लावलं.