देवास नाक्यावर, गाडीखाली

हातोडी हलकेच मारायची, शकूर मिस्त्री सांगतो,
आणि ऐकायचं.
टण वाजलं तर लोखंड.
थप्प वाजलं तर नुसता रंग उभा आहे.

पाठीखाली पोतं, पापण्यांत तांबडा भुगा.
कांडल्याचं मीठ बाबांनी अकरा वर्षं ओढलं इंदूरपर्यंत.
हौद्यातून ठिबकलेलं पाणी
चासीच्या सांध्यासांध्यांत बसून राहिलं.
दर दसऱ्याला बोनेटला झेंडू,
मागच्या फाळक्यावरचा मोर नव्यानं रंगवलेला.
खाली कोण वाकून बघतंय?

"रेड ऑक्साइड फासून टाकू? पासिंग होऊन जाईल."
तो उत्तर देत नाही.
तारेचा ब्रश माझ्या हातात ठेवतो.

घासतो. खपली निघते, खाली अजून एक,
मग एकदम बोट आरपार.
त्या भोकातून दिसते हौद्याची फळी
आणि फटीत मिठाची बारीक रेघ,
अजून पांढरी.
जिभेला लावून बघावीशी वाटते. लावत नाही.

"इथं पट्टी लागेल. लोहामंडीतून आण,"
मिस्त्री खडूनं गोल करतो.
"पुढं ठोक."

थप्प.
टण.
थप्प.
टायरवर ठेवलेला चहा
केव्हाचा गार झालाय.