श्वासाचं पाणी

मे महिना. इंदोऱ्यात दुपारी
कुत्रीसुद्धा नालीत उतरून बसलेली.
कूलरच्या टाकीत तिसरी बादली ओतून
केवलराम मामा मला बर्फाचं सांगतात.

पुढच्या रविवारी माझी गाडी.
आयुष्यात बर्फ पाहिलाय तो
उसाच्या रसातला, नाहीतर लग्नातल्या ड्रमातला,
लाकडाच्या भुशासकट.

परातीत भात उपसून मामा त्याचा ढीग थापतात,
खालून बोटानं कोरत नेतात.
"हे पाहय तक्षू, छत.
आतून घोटून घोटून गोल करायचं.
एकही टोक ठेवलं, का थेंब तिथंच जमते
अन् रातच्याला बरोबर तुह्या कानात पडते.
गोल असलं का भितीभितीनं
गपगुमान उतरून जाते.

दार खाली. झोपाचा ओटा वर.
आत याच्या आधी अंग झटकायचं, बूट झटकायचे."

"इथं चाळीस वर्षांत
एकदा पाय झटकून आत आले नाही," मामी आतून म्हणते.

मामांना ऐकू जात नाही.
"बर्फ नाही ओलं करत, पोरी.
तिथला बर्फ पिठावानी कोरडा राह्यते.
ओलं आपण करतो.
आपला चहा, आपला घाम, आपला श्वास.
म्हणून हे."
आणि करंगळीनं भाताच्या माथ्यावर एक भोक.
"रातून दोनदा उठून काठी फिरवाची.
थंडी वाजो का काही होवो."

मग थोडं थांबून,
"आम्ही बुजवलं होतं एकदा.
लय वारं होतं.
सकाळी मोजे ओले."

पुढे काही नाही.
कूलर घरघरत राहिला,
भिंतीचा पोपडा ओलाव्यानं सुटून
हळूच कॅलेंडरमागे पडला.
मामांच्या उजव्या पायाला तीन बोटं आहेत.
लहानपणी मला वाटायचं,
फौजेत सगळ्यांना तेवढीच देतात.

निघताना त्यांनी शिंदीच्या फड्याची
मूठ कापून, सुतळी बांधून
माझ्या पिशवीत खोचली, अंग झटकायला.
शेचाळीस डिग्रीत मी ती
लोकरी टोपीशेजारी नीट लावली.

भात वाया गेला नाही.
रात्री मामीनं कांदा-मिरची घालून परतला,
वरून जवसाची चटणी.
मामांनी ताटातला आपला भात
पुन्हा थापून गोल केला,
माथ्यावर करंगळीएवढं भोक पाडलं
आणि कडेकडेनं खात राहिले,
ते बुजू न देता.