अकरा किलो

अकरा किलो जास्त भरतेय दुर्बीण.
मेल आली तेव्हा मी पूर्णगडच्या जेटीवर
रेंजसाठी हात उंच करून उभी,
मागे बर्फाचा ट्रक रिकामा होत होता.

सहा वर्षं झाली हिला.
आरसा पंचेचाळीस सेंटिमीटर, पाठीतून पोखरलेला,
कार्बनच्या नळ्या, उन्हात न वाढणाऱ्या, सावलीत न आकसणाऱ्या.
शहाण्णव मिनिटांत एक फेरी,
दिवसाला पंधरा सूर्योदय, पंधरा सूर्यास्त.
आई म्हणाली, मग हिनं उपास सोडायचा कधी?

दुपारी याकूब सारंगांच्या होडीपाशी बसले.
सुकती होती, होडी कुशीवर कलंडलेली.
चाचा फटींत कापूस ठोकत होते.
मी फळीवर आराखडा पसरला,
कोपऱ्यांवर जाळ्याची शिसं ठेवली.
"नांगर कुठं हिचा?"
नांगर नाही. ती सारखी पडतच असते,
पृथ्वी चुकवून.
भरतीची वेळ मानावी तसं त्यांनी ते मानलं.
"आणि तुझे ग्रह? ते थांबतात काय?"
नाही थांबत. तारे धरून ठेवले
तर धूमकेतूची रेघ होते.
धूमकेतू धरला तर तारे फरफटतात.
"म्हणजे बांगडाच. दिसला तिथं जाळं टाकायचं नाही."
आमच्या अहवालात याला चाळीस पानं लागली.

मग मी दारावर बोट ठेवलं.
नळीच्या तोंडाशी एक झडप, बिजागरी, स्प्रिंग, मोटर;
चुकून सूर्य समोर आला तर मिटणारी.
अकरा किलो शंभर ग्रॅम.
हे काढलं की संपलं.
सूर्यापासून पंचेचाळीस अंश लांब राहा,
एवढं तर सॉफ्टवेअरला शिकवता येतंच,
असं बंगळुरूचे म्हणतात.

चाचांनी हातोडी खाली ठेवली, तोंड वर केलं.
उजव्या डोळ्यात नाकाकडून वाढत आलेलं मांस,
गुलाबी, पंख्यासारखं,
बुबुळाच्या काठावर चढलेलं.
"पन्नास वर्षं मलाही ठाऊक होतं, बाय,
चकाकत्या पाण्याकडं बघायचं नाही म्हणून.
ठाऊक असून काय?
पापणी होती, म्हणून एवढा तरी उरला."
आणि पुन्हा कापूस.

संध्याकाळी जेटी, पुन्हा हात उंच.
लिहिलं: दार राहू दे.
दूरच्या ग्रहांचा वर्णपटमापक काढा.

तो माझा होता.
युरेनसवरचा मिथेन,
एकवीस वर्षांचा तो एकच हिवाळा
मी त्याच्या बारीक फटीतून बघणार होते;
ती फट किती मायक्रॉनची
हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी.
कारण लिहायच्या रकान्यात
"पापणी" असं लिहिलं, मग खोडलं.

मेल जाईना. पडद्यावर काहीतरी गोल फिरत राहिलं.
मुचकुंदीच्या तोंडातून पाणी आत शिरत होतं,
कलंडलेली होडी एका बाजूनं हलकी व्हायला लागली.
मग गेली.

माझ्या यंत्राचं वजन साडेअकरा होतं.
म्हणजे पाचशे ग्रॅम उरतात.
त्यांचं काय करायचं, कोणी अजून विचारलेलं नाही.