सडा

उद्धव नाकतोडे पस्तीस वर्षं मांडवात हसवत आलेला.
शेवटच्या ताडपत्रीवरचा, शेकोटीजवळचा माणूस
विडी विझवून हसेपर्यंत तो वाक्य सोडत नसे.
आमच्या अंगणात आला आणि पहिलं हेच विचारलं,
"शेवटची रांग कुठं हाय?"
प्रांजू उईकेनं भिंगावर बोट ठेवलं.
"हेच. पहिली बी हेच."
उद्धवभाऊ त्या काचेत वाकून पाहत राहिला,
विहिरीत पडलेली बादली शोधावी तसा.

प्रांजूनं आठ वर्षं लग्नं टिपली, वडसा ते सिंदेवाही.
पंगतीतला लाडू खिशात घालणारा मामा,
कॅमेरा वळला की सैल पडणारं नवरदेवाचं तोंड,
हे तिला पाठ. पटकथा कधी वाचली नव्हती.
माझी वाचली. सोळा पानं, पंचेचाळीस विनोद,
मी स्वतः मोजलेले.
म्हणाली, "मास्तर, हा माणूस बोलतच रायते.
लोकायनं हसाव कवा?"

प्रसंग साधा. मुलगी पाहायला आलेला वरबाप,
पांढरी प्लास्टिकची खुर्ची, ओलं अंगण.
तो बढाई मारतो, खुर्ची रुतते.

पहिल्या खेपेला कॅमेरा तोंडाशी होता.
उद्धवभाऊ आडवा झाला, कोंबड्या उडाल्या,
अख्खा टोला पोट धरून हसला. मीही.
मग त्या वीतभर पडद्यावर पाहिलं:
एक म्हातारा चौकटीतून गळाला, बस.
कुणीतरी हळूच विचारलं, "लागलं का भाऊले?"
"खुर्चीचे पायच दिसत नाई," प्रांजू म्हणाली.
तिपाई उचलून मोहाच्या बुंध्याशी नेली,
गुडघ्याएवढी बुटकी केली,
आणि हात मागं बांधून उभी राहिली.
"आता तो बुडला तरी मी हलत नाई."

मुरूम दगडासारखा. बांधीतला चिखल आणून खड्डे भरले.
दुसऱ्यांदा खुर्ची रुतलीच नाही.
तिसऱ्यांदा दोनच पाय गेले.
तोवर मी गिरणीच्या ओट्यावर बसून
माझी वाक्यं खोडत होतो, दात काढावेत तशी.
शेवटी एकच उरलं:
"आमच्या खानदानात कोणी बुटका नाई."

चौथ्यांदा उद्धवभाऊनं ते इतकं हळू म्हटलं
की मला वाटलं, विसरला.
चौकट जागची हलेना. तो बोटबोट खाली.
मुलीचा बाप चहाचा कप पुढं करतोय,
कप खाली, आणखी खाली,
शेवटी चौकटीच्या काठावर फक्त टोपी
आणि टोपीला दिलेला चहा.

पण मे महिन्यात अंगण ओलं कसं?
हा प्रश्न पडायच्या आधी मिटवायचा, हे माझं काम.
म्हणून सात पानं आधी शेवंताबाई भोयर.
पाव्हणे येणार म्हणून सडा घालते,
एक बादली, सुनेच्या तक्रारी, दुसरी बादली, तिसरी.
त्यात विनोद नाही. पोरं म्हणाली, कापा.
त्या तीन बादल्यांसाठी मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही.

गिरणीच्या भिंतीवर चादर लावून दाखवला.
सड्यापाशी कुणी हसलं नाही,
दोघं तर तंबाखू मळायला बाहेर गेले.
मग खुर्ची. पहिली दोन बोटं रुतेपर्यंत चिडीचूप.
एक पोर ओरडलं, "ओ बाबा, उठा ना!"
आणि मग जे झालं ते
उद्धवभाऊ सगळ्यात मागं, भिंतीला टेकून
तोंडावर उपरणं धरून ऐकत होता.

सकाळी शेवंताबाई रुसलेली.
"माह्या वाटणीले हसूच नाई आलं, मास्तर."
म्हटलं, बाई, ते सगळं हसू तुझ्याच पाण्याचं.
"उगी कायले समजूत काढता," म्हणाली,
आणि भरली बादली उचलून निघाली,
दारापर्यंत सांडत.